खोड सांगून विकलेली गाय

मोनिकाचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पलीकडे पोचत नसे. घरी काष्टीला तिने गोठ्यातून हाक मारली तर रस्त्यापलीकडची चुलती ओ द्यायची. पण नगरच्या कॉलेजात फळ्यापाशी उभी राहिली, समोर साठ तोंडं दिसली, की तोच आवाज निघेनासा व्हायचा. एमबीएचं दुसरं वर्ष चालू होतं. पहिल्या वर्षात तिने चार प्रेझेंटेशन दिली आणि चारही वेळा शेऱ्याच्या रकान्यात जवळजवळ तेच वाक्य आलं: विषय समजलेला दिसतो, पण ऐकू येत नाही.

मार्केटिंग शिकवायला शबनम मॅडम होत्या. बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर ढकलून बोलायच्या, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर मोबाईल बघणारा पोरगाही मान वर करायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी सगळ्यांना एक काम दिलं. ओळखीचा एखादा धंदा निवडायचा, छोटासा असला तरी चालेल, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला नक्की काय मिळतं ते शोधून काढायचं.

"वस्तू सांगू नका मला," मॅडम म्हणाल्या. "पिशवीत काय पडलं ते कुणालाही दिसतं. त्या माणसाला काय द्यावं लागलं आणि त्याच्या पदरात काय पडलं, यातला फरक म्हणजे कस्टमर व्हॅल्यू. द्यावं लागलं म्हणजे नुसते पैसे नव्हेत. वेळ, हेलपाटे, फसण्याची धास्ती, सगळं आलं त्यात. दीड महिन्याने प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं. निम्मे गुण शोधाला, निम्मे सांगण्याला."

मोनिकाबरोबर खोलीवर राहणारी दिशा शिर्डीची. तिने मामाचा लॉज घेतला. वर्गातल्या सलमानने वडिलांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान घेतलं. मोनिकाचं तीन दिवस ठरेना. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून तिने 'शेती' असं लिहिलं होतं. ते काही खोटं नव्हतं, दोन एकर होती. पण घर चालायचं ते शनिवारच्या बाजारावर. तिचे वडील आबासाहेब गाई-म्हशींचे व्यापारी होते. लोक अशा माणसाला हेडी म्हणतात आणि म्हणताना थोडं हसतात. हेडी म्हणजे मेलेली म्हैस उभी करून विकणारा, असंच सगळ्यांनी धरलेलं असतं.

तरी शेवटी तिने तोच धंदा घेतला. बाजारात बाकीचे व्यापारी घसा फोडून ओरडायचे, जनावराच्या पाठीवर थापा मारायचे, गिऱ्हाइकाला दंडाला धरून ओढायचे. आबा तसलं काही करत नसत. दावणीच्या टोकाला उभे राहायचे आणि विचारलं तर बोलायचे. तरी दुपारपर्यंत त्यांची दावण रिकामी झालेली असायची. मोनिकाला वर्गात हात कुठे ठेवायचे, नजर कुठे ठेवायची, आवाज कुठे चढवायचा, हे सगळं शिकवून झालं होतं. आबांना कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवण्यातलं ते काहीच करत नव्हते. मग त्यांचं जनावर खपतं कसं, हा प्रश्न तिला लहानपणापासून कधी पडला नव्हता, तो आता पडला आणि डोक्यातून जाईना.

शनिवारी सकाळी ती आबांबरोबर बाजारात गेली. लहान असताना ती इथं भेळ खायला यायची. वही घेऊन पहिल्यांदाच आली. थंडी पडली होती. टेम्पोतून जनावरं उतरत होती, कुणी म्हशीच्या शिंगांना तेल चोळत होतं, कुणी गाईच्या शेपटीचा गोंडा धुऊन पिंजत होतं. आबांच्या दावणीला त्या दिवशी सहा जनावरं होती. त्यात काळ्या-पांढऱ्या डागांची एक काळीबांडी गाय, दुसऱ्या वेताची, आठ-दहा दिवसांपूर्वी व्यालेली. तिच्या पायांत वासरू घोटाळत होतं.

नऊच्या सुमारास एक नवरा-बायको आले. बेलवंडीच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे. माणसाचं नाव राधाकृष्ण, बाईचं छबूबाई. दोघंही पन्नाशी ओलांडलेली. राधाकृष्ण गाईभोवती दोनदा फिरले, दात बघितले, कासेला हात लावून पाहिला. छबूबाई जरा लांब, पदर घट्ट धरून उभी होती.

"खोड काय हाय का?" राधाकृष्णांनी विचारलं.

शेजारचा व्यापारी असता तर म्हणाला असता, देवाची गाय आहे, शिंगाला धरून पोर खेळवा. आबा म्हणाले, "हाय."

मोनिकाने वहीतून मान वर केली.

"घाईनं कोन कासंला बसलं तर लाथ उचलती," आबा म्हणाले. "आधी पाठीवरनं हात फिरवायचा, दोन शब्द बोलायचं, मग बसायचं. तसं केलं तर काय करत न्हाई. धार कोन काढनार?"

"ही," राधाकृष्णांनी बायकोकडे बोट केलं.

आबा छबूबाईकडे वळले. "वैनी, पहिलं आठ दिस घाई करू नका. जमंल न्हवं?"

छबूबाईने मान हलवली. मग आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोघा पुरुषांनी त्याखाली हात घातले. काष्टीच्या बाजारात जुने लोक अजून भाव असाच ठरवतात, टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून, शेजाऱ्याला पत्ता लागू न देता. बोटं धरली गेली, सोडली गेली, परत धरली गेली. राधाकृष्णांनी एकदा हात झटकून काढला, चार पावलं निघून गेले, परत आले. पाऊण तासाने गाय टेम्पोत चढली आणि तिच्यामागे वासरू चढवलं.

मोनिकाची अडीच पानं भरली होती. तिला वाटलं, सापडलं! आबांनी दोष आपण होऊन सांगितला. त्यामुळे गिऱ्हाइकाची धास्ती गेली. धास्ती गेली म्हणजे त्याला द्यावं लागणारं कमी झालं, म्हणजेच मॅडम म्हणतात ती व्हॅल्यू वाढली. सोमवारी पहाटेच्या एसटीत बसून तिने स्लाइडचं कच्चं लिहून काढलं. तिसऱ्या स्लाइडला मथळा दिला: 'खरेपणा हीच किंमत'. दिशाने तो वाचला आणि म्हणाली, "तुझे वडील भारीच आहेत गं!" फॉर्मवर आपण 'शेती' का लिहिलं, याची मोनिकाला त्या दिवशी लाज वाटली.

मॅडमची एक अट होती. गिऱ्हाइकाचं म्हणणं गिऱ्हाइकाच्याच तोंडून हवं. राधाकृष्णांचा नंबर मोनिकाने घेऊन ठेवला होता. तीन आठवड्यांनी तिने फोन लावला, तो छबूबाईने उचलला.

"मावशी, मी काष्टीची मोनिका, आबासाहेबांची मुलगी. गाय कशी आहे?"

"लई गुनाची हाय बाई. दोन्ही टायमाला बादली भरती."

"आणि लाथ? अजून उचलते का?"

"लाथ?" छबूबाई हसली. "कसली लाथ घिऊन बसलीस! नंदीवानी उभी ऱ्हाती. माझी नात पाच वर्साची हाय, ती खालनं रांगत जाती. आल्यापासनं तिनं पाय हालवला न्हाई."

मोनिकाने "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. खरं म्हणजे गिऱ्हाईक खूश होतं आणि तिला हवं होतं ते वाक्य मिळालं होतं. पण ते वाक्य वहीत उतरवताना तिचा हात थांबला. गाय लाथ मारत नसेल, तर आबांनी सांगितलं ते काय? दोष झाकायला माणूस खोटं बोलतो हे तिला माहीत होतं. नसलेला दोष चिकटवायला कुणी खोटं बोलतं का? त्यात आबांना काय मिळालं? आणि 'खरेपणा हीच किंमत' या स्लाइडखाली आता काय लिहायचं?

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली. आबा जेवायला बसले होते. तिने पाट ओढला आणि समोर बसली.

"आबा, ती काळीबांडी लाथ मारायची का हो?"

"कोनती?"

"बेलवंडीच्या राधाकृष्णभाऊंनी नेली ती."

"व्हय."

"कधी? आपल्याकडं ती चारच दिवस होती. धार आईनं काढली. आईला मारली का?"

आबांचा घास हातातच राहिला. "मोने, तू माझी झडती घितीस व्हय?"

"तसं न्हाई आबा, माझ्या अभ्यासात…"

"अभ्यास कर की मग. इकायचं मला कळतंय."

ते ताटावरून उठले नाहीत. भाकरी संपवली, ताटातच हात धुतला आणि टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर गेले. आबा रागावले की आवाज चढवत नसत, तो आणखी खाली जायचा. मोनिकाला ते ठाऊक होतं, म्हणून ती त्यांच्यामागे गेली नाही.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "त्यास्नी कशाला इचारतीस? मला इचारायचं."

"मग तू सांग."

"जनावर निर्मळ असलं ना, तर गिऱ्हाईक थांबत न्हाई," आई म्हणाली. "त्याला वाटतं, एवढी चांगली हाय तर हा इकतोय कशाला? कायतरी मोठं दडवलंय. म्हनून तुझा बाप एक बारकी खोड सांगतो. ती ऐकली की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो. चला, गावली एकदाची."

"म्हणजे खोटंच की हे!"

"खोटं कसं? खरी खोड असली तर तीबी सांगतो. एका सडातनं दूध न येनारी म्हस त्यानं आजपातुर कुनाच्या गळ्यात मारली न्हाई. खोड नसली तरच…" आई बोलता बोलता थांबली. तिने भाकरी टोपल्यात टाकली. "आता त्याला काय म्हनायचं ते तुझ्या पुस्तकात बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनिका गोठ्यात वैरण टाकत होती. आबा दावं सोडता सोडता, तिच्याकडे न बघताच बोलले.

"नव्या घरी जनावर बुजतं. लाथ मारती म्हनलं की मानूस जपून जातो, हात फिरवतो, गोड बोलतो. जनावर रुळतं. मी न्हाई म्हनलो असतो, तर ती बाई पहिल्याच दिशी बादली घिऊन धाडदिशी बसली असती. मग मारली असती लाथ."

"मग ती लाथ मारते, हे खरं होतं का खोटं?"

"मला काय ठावं?" आबा म्हणाले. "तिनं मारली न्हाई न्हवं? मग झालं."

मोनिका वैरणीची पेंढी हातात धरून तशीच उभी राहिली. काल आईने सांगितलं ते ऐकून ती हुशारी वाटत होती. आज आबांनी सांगितलं ते ऐकून ती माया वाटत होती. बोललेलं वाक्य तर एकच होतं. पहिल्यांदा कधीतरी भाव यावा म्हणून बोलले असतील आणि मग जनावर रुळतं हे ध्यानात आलं असेल. किंवा उलटं असेल. कदाचित आबांनाच ते आता सांगता येणार नाही, असं तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, वडिलांना पाठीशी घालायला तर मी असं म्हणत नाही ना?

नगरला परतल्यावर तिने पुस्तक चाळलं. त्यात गिऱ्हाइकाचा विश्वास यावर अख्खं प्रकरण होतं, पण नसलेली खोड कुठे बसते ते नव्हतं. तिने दिशाला विचारलं.

"खोटंच ते," दिशा म्हणाली. "पण ती बाई खूश आहे ना? मग तू कशाला उकरून काढतेस? स्लाइड आहे तशी ठेव."

चहाच्या टपरीवर तिने सलमानला विचारलं. सलमान म्हणाला, "माझे अब्बा फोन तासाभरात होणार असेल तर दोन तास सांगतात. तासात दिला की माणूस हरखून जातो."

"मग ते खोटं का?"

सलमानने ग्लास खाली ठेवला. त्याने हा विचार केलेला दिसत नव्हता. "मी स्लाइडवर 'अपेक्षांचं व्यवस्थापन' लिहिलंय," तो म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मोनिकाने इस्त्रीचा निळा ड्रेस घातला. दोन स्लाइड नेहमीसारख्या गेल्या. काष्टीचा बाजार, आठवड्याची उलाढाल, गिऱ्हाइकांचे प्रकार. मागून कुजबुज सुरू झाली होती. तिसरी स्लाइड पडद्यावर आली आणि ती स्वतःच लिहिलेला मथळा वाचत राहिली. खोलीवर आरशासमोर पाठ केलेली वाक्यं जिभेवर आली होती, पण ती तोंडाबाहेर पडेनात.

"पुढे?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ही स्लाइड खोटी आहे," मोनिका म्हणाली. "किंवा खरी असेल. मला माहीत नाही."

वर्ग हसला. तिने रिमोट टेबलावर ठेवला आणि जे झालं ते सांगायला लागली. राधाकृष्ण कसे गाईभोवती फिरले, आबांनी 'हाय' कसं म्हटलं, टॉवेलाखाली बोटं कशी धरली, फोनवर छबूबाई काय म्हणाली, आईने तव्यापाशी काय सांगितलं, आबांनी गोठ्यात काय सांगितलं. सांगताना ती आबांचं बोलणं आबांच्याच भाषेत बोलली, आईचं आईच्या. हात कुठे होते याची तिला शुद्ध नव्हती. दहा मिनिटांची सतरा मिनिटं झाली. मागच्या बाकांवरून कुणी 'काय म्हणाली?' असं विचारलं नाही.

ती थांबली आणि वर्गात भांडण लागलं. निम्मे म्हणाले, सरळसरळ फसवणूक आहे. निम्मे म्हणाले, फसवणूक कसली, गाय चांगलीच निघाली. सलमान उभा राहून म्हणाला, "खोड सांगितल्यामुळे भाव थोडा उतरला असेल. मग नुकसान तिच्या वडिलांचंच झालं!" हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मोनिकाच्याही नाही. टॉवेलाखाली काय ठरलं ते तिला ठाऊकच नव्हतं.

शबनम मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला. "मग तुझं म्हणणं काय, मोनिका?"

"म्हणणं नाही मॅडम. प्रश्न आहे."

"प्रश्नाला मला गुण देता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. पण रागाने नाही म्हणाल्या. "परत गिऱ्हाइकाकडे जा. फोनवर नको, घरी जा. आणि दहा दिवसांत निष्कर्ष लिहून दे."

सांगण्याला पन्नासपैकी बेचाळीस मिळाले, शोधाला एकोणीस. ती आली होती ते नेमकं उलटं होईल असं धरून. दिशाने तिला मिठी मारली, पण मोनिकाला आनंद करावा की काय करावं ते कळेना. जे पक्कं ठाऊक होतं ते सांगताना चार वेळा तिचा घसा बसला होता, आणि जे काहीच ठाऊक नव्हतं ते सांगताना आवाज निघाला. यातून पुढच्या वेळेसाठी धडा काय घ्यायचा? पुढच्याच आठवड्यात फायनान्सचं प्रेझेंटेशन होतं. विषय तिला चांगला येत होता. आवाज परत गेला.

मार्केटिंगच्या प्रेझेंटेशननंतरच्या पहिल्या शनिवारी ती बाजारात आबांच्या दावणीपाशी उभी होती. आबा एक म्हैस टेम्पोत चढवायला पलीकडे गेले होते. तेवढ्यात एक तिशीतला माणूस आला. त्याने दावणीतली मोठी म्हैस निरखली, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "खोड काय हाय का हिला?"

मोनिकाला त्या म्हशीची एकही खोड माहीत नव्हती. चार दिवस ती घरी होती, शांतपणे खात होती, दूध देत होती. आबा असते तर काय म्हणाले असते? नवखा माणूस बघून पान्हा चोरते म्हणाले असते? वैरण निवडून खाते म्हणाले असते? तिच्या जिभेवर एक छोटी खोड आलीसुद्धा. तिने ती गिळली.

"मला ठाऊक असलेली कुठलीच खोड नाही," ती म्हणाली.

माणूस हसला. "मग इकताय कशाला?"

"आमचा धंदाच आहे तो."

"बरं, बघतो," म्हणून तो पुढे गेला. दहा पावलांवर दुसऱ्याच्या दावणीपाशी थांबला, आणि अर्ध्या तासाने तिथली म्हैस घेऊन गेला. आबा घाम पुसत परत आले. तिने झालेलं सगळं सांगितलं. आता आबा बोलतील म्हणून ती वाट बघत राहिली.

"बरं," आबा म्हणाले आणि म्हशीपुढची वैरण सारखी करायला वाकले.

ती म्हैस त्या दिवशी परत घरी आली. पुढच्या बाजारात विकली गेली. तेव्हा मोनिका नगरला होती. आबांनी कोणती खोड सांगितली, ते तिने विचारलं नाही. विचारावंसं वाटलं होतं, दोनदा फोनही हातात घेतला होता.

म्हैस परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आबांनी आपण होऊन मोटारसायकल काढली. "चल, तुला बेलवंडीला जायचंय न्हवं?" आईने त्यांना सांगितलं असणार. वस्तीवर पोचले तेव्हा छबूबाई अंगण झाडत होती. काळीबांडी लिंबाखाली बांधलेली होती, अंगाने भरली होती. राधाकृष्णांनी खाट टाकली, आत चहा उकळला. आबा खाटेच्या कडेवर, पाहुण्याने बसावं तसे बसले.

मोनिकाने वही उघडली. "भाऊ, बाजारात एवढ्या गाई होत्या. हीच का घेतली?"

"खोड सांगितली म्हनून," राधाकृष्ण लगेच म्हणाले. "बाकीचे नुसतं गुन गात हुते. हा मानूस सरळ वाटला."

आबांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"काय सरळ आन काय वाकडं!" छबूबाई दारातून म्हणाली. "मला काय इचारलं का ह्यांनी? मी वासरू बघितलं. माझ्या माहेराला असंच कपाळावर टिकली असलेलं हुतं. ही न्हाई घेतली तर मी टेम्पोत बसनार न्हाई, असं म्हनले मी ह्यांना."

"तू कवा म्हनलीस?"

"तुमी चार पावलं गेल्ता तवा. उगंच परत फिरला का?"

मोनिकाने आधी लिहिलेल्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली. मग विचारलं, "आणि लाथेचं काय?"

"मारत न्हाई," छबूबाई म्हणाली.

"एकदा उचलल्ती की," राधाकृष्ण म्हणाले.

"गोमाशी बसल्ती तिच्या पोटाला!"

"माशी असू न्हाईतर काय बी असू, पाय उचलला का न्हाई?"

दोघांची चांगलीच जुंपली. मोनिकाने शेवटचा प्रश्न विचारला, तो विचारताना तिला आबांकडे बघवलं नाही. "मावशी, आबांनी सांगितलं नसतं, तर तुम्ही पहिल्या दिवशी तिच्या पाठीवर हात फिरवला असता का?"

छबूबाई तिच्याकडे बघत राहिली, जणू पोरीने काहीतरी भलतंच विचारलं. "आगं, मी परकरात असल्यापासनं धारा काढती. हात फिरवल्याबिगर कासंला कोन बसतं का?"

आबा खोकल्यासारखं करून उठले आणि गाईकडे गेले. मोनिकाला त्यांची फक्त पाठ दिसत होती. ते हसत होते की ओशाळले होते, ते तिला आजपर्यंत कळलेलं नाही.

निष्कर्ष म्हणून तिने दीड पान लिहिलं. व्यापारी एक कारण सांगतो, त्याची बायको दुसरं सांगते, गिऱ्हाईक तिसरं आणि गिऱ्हाइकाची बायको चौथं. यातल्या कुठल्या कारणाने गिऱ्हाइकाच्या पदरात जास्त पडलं, ते मला ठरवता आलं नाही. गाय चांगली आहे. मॅडमनी सात गुण वाढवले आणि खाली लिहिलं, 'पुढे नोकरीत असं लिहू नकोस.'

मोनिका पास झाली. पुण्यातल्या दोन मुलाखतींत तिला नकार आला. दोन्हीकडे तिला 'स्वतःबद्दल सांगा' म्हणाले आणि आपल्यात काय कमी आहे ते सांगावं की न सांगावं, यातच तिची मिनिटं गेली. आता आठ महिने झाले, ती श्रीगोंद्याच्या एका खासगी दूध संकलन केंद्रात काम करते. गेल्या महिन्यात तिथल्या साहेबांनी तिला बोलावलं. केंद्राने दुभत्या जनावरांसाठी नवीन खुराक आणला होता. दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांना जमवून त्याची माहिती द्यायची होती, आणि ती मोनिकाने द्यायची होती. साहेबांनी छापील कागद दिला. त्यावर खुराकाचे नऊ फायदे होते.

तो कागद तिने घरी आणला. आबांनी तो हातात घेऊन नऊही फायदे सावकाश वाचले. ते काही बोलतील असं तिला वाटलं नव्हतं.

"आधी त्या लोकांची जनावरं बघून ये," आबा म्हणाले. "चार गोठं हिंड. काय खात्यात, कशानं अडल्यात, ते बघ. मग बोल." कागद परत देता देता ते म्हणाले, "आन जाशीलच तर, कोनी गाय इकनार हाय का, तेबी इचार."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. यातलं कोणतं वाक्य त्यांना आधी सुचलं असेल, ते त्यांच्या तोंडावरून ओळखता येत नव्हतं.

पुढच्या सुट्टीला ती स्कूटी घेऊन निघाली. पहिल्या गोठ्यात तिने गाय विकायची आहे का, ते विचारलं नाही. दुसऱ्या गोठ्यात विचारलं.